आगळाच्या बाटलीतलं लोखंड

चवथीआधीची साफसफाई चालली होती. गोव्यात डिचोलीला आत्याच्या घरी माळ्यावरून एक बाटली खाली आली. उंच मान, अरुंद खांदे, अंगाला फिकट निळसर-हिरवी झाक. खांद्यावर साच्यातूनच अर्धवट उठलेली इंग्रजी अक्षरं. मूळची ती सॉसची, पण तो सॉस कुणी खाल्ला हे सांगणारं आता कुणी नाही. घरातल्यांच्या आठवणीत तिच्यात कायम आगळच, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस असायचा. भाचा म्हणाला, "भंगारात देऊया, की हिला पुढे किंमत येईल?" आत्याने ती त्याच्या हातातून काढून घेतली. "राहू दे रे. हिच्यात आगळ कधी बिघडलं नाही."

आत्याचं म्हणणं रसायनशास्त्राला धरून आहे. आगळ आंबट आणि खारट. तांब्या-लोखंडाला ते खातं, काचेला नाही. बाटलीची काच म्हणजे साधारण 70 टक्क्यांहून थोडी जास्त सिलिका, म्हणजे वाळू, आणि बाकी मुख्यतः सोडा व चुना. आम्ल काचेच्या पृष्ठभागावरचं थोडं सोडियम ओढून घेतं, पण सिलिकाची घट्ट जाळी त्याला तोडता येत नाही. सॉस, व्हिनेगर, लोणची काचेत भरायची पद्धत पडली त्यामागे हे मोठं कारण आहे.

तिची हिरवट झाक कुणी मुद्दाम दिलेली नाही. वाळूत लोखंडाचा अंश असतोच, आणि वितळलेल्या काचेत तो निळसर-हिरवा किंवा पिवळट रंग धरतो. पांढरीशुभ्र काच हवी असली की जुने कारागीर त्यात थोडं मँगनीज टाकत. त्याला ते 'काचेचा साबण' म्हणत. मँगनीजने लोखंडाचा हिरवा रंग फिकट होतो, आणि त्याची स्वतःची जांभळी छटा उरलेल्या रंगाला झाकून टाकते. मला यात फार मौज वाटते, कारण डिचोलीच्या खाणींतून लोखंड निघालं आणि सांगे-केप्याकडे मँगनीजही. बाटली दूरदेशीची, पण तिच्या रंगाची गोष्ट आमच्या लाल मातीत ओळखीची.

पुढचा भाग संग्राहकांच्या कामाचा. मँगनीज घातलेली काच वर्षानुवर्षं उन्हात राहिली तर अतिनील किरणांमुळे त्यातलं मँगनीज पुन्हा रंग धरतं आणि काच हलकी जांभळी होते. अशी काच साधारण 1880 नंतरच्या काही दशकांतली मानली जाते. नंतर हिरवट रंग घालवायला कारखाने मँगनीज सोडून सेलेनियमकडे वळले. पण हाच जांभळा रंग गॅमा किरणांच्या माऱ्याने झटपट आणता येतो, आणि बाजारात तसा आणलाही जातो. उन्हाने आलेली छटा बहुधा फिकी असते. पिकल्या जांभळासारखी गर्द बाटली दिसली तर विकत घेण्याआधी थांबा.

वय ओळखायला बाटली उजेडात धरून साच्याची शिवण बघावी. दोन अर्ध्या साच्यांच्या सांध्याची ती बारीक रेघ असते. आत्याच्या बाटलीवर ती बुडाकडून वर येते आणि तोंडाच्या जरा खाली नाहीशी होते. म्हणजे अंग साच्यात फुंकलं, तोंडाची कड मात्र कारागिराने हाताने घडवली. मायकेल ओवेन्सचं बाटल्या बनवणारं पूर्ण स्वयंचलित यंत्र 1903 च्या सुमारास आलं. यंत्राच्या बाटलीत शिवण तोंडाच्या कडेवरूनही जाते. पण यंत्रं सगळीकडे एकाच वर्षी पोचली नाहीत, तेव्हा एका शिवणीवरून साल ठोकून देऊ नये. काचेतले बुडबुडेही जुनेपण सुचवतात, सिद्ध करत नाहीत. आणि बूड जाड आहे म्हणजे काच हळूहळू खाली ओघळली, हे साफ चुकीचं. फुंकतानाच ती तशी झाली.

आपल्याकडे बाटलीचा खरा वैरी पावसाळा. दमट हवेतलं पाणी काचेवर बसून राहतं आणि काचेतलं सोडियम त्यात उतरतं. ते पाणी अल्कधर्मी होत जातं, आणि अल्कलीपुढे सिलिकाची जाळीही टिकत नाही. काच आतून दुधाळ होते, कधी पावसात रस्त्यावर सांडलेल्या तेलासारखे रंग चमकतात. आत नुसते क्षार बसले असतील तर व्हिनेगरने निघतात. काचच झिजली असेल तर काही केल्या जात नाही. भिजवल्यावर, तेल चोळल्यावर ती तात्पुरती स्वच्छ दिसते, आणि काही विक्रेते हीच युक्ती करतात. म्हणून बाटली कोरडी करूनच बघायला मागावी. घरी ठेवताना ओली असताना बूच लावू नये. धुण्याच्या सोड्यात रात्रभर तर मुळीच बुडवू नये.

आता भाच्याचा प्रश्न. नामांकित सॉसच्या यंत्रावर केलेल्या बाटल्या लाखोंनी निघाल्या आणि लाखोंनी उरल्या. नुसत्या जुनेपणाने त्यांना भाव येणार नाही. उलट 1872 साली पेटंट मिळालेली गोटी सोड्याची बाटली भरपूर बनली, पण गोटीसाठी पोरांनी फोडली, म्हणून धड बाटली शोधावी लागते. भाव ठरतो किती उरल्या यावर. मग येते अक्षरांची स्पष्टता, रंग, कडेवरचे टवके. आमच्याकडे कागदी लेबल दमटपणाने आणि कसरीने जातं, तेव्हा लेबलासकट टिकलेली बाटली वेगळीच समजावी. पुढच्या 20 वर्षांत अमुक भाव येईल असं सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवणार नाही. शिवाय 100 वर्षांहून जुनी कारागिरीची वस्तू 1972 च्या कायद्याने पुरावस्तूत मोडू शकते. मग ती परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही.

आणि एक गोष्ट, जी मला सगळ्यांत मोलाची वाटते: बाटली कुठून आली, कुणी काय भरलं, ही माहिती. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात हात बदलला की ती कायमची जाते. म्हणून आत्याला विचारलं. तिचे सासरे पोर्तुगीज अमदानीत मुंबईहून आगबोटीने आले, तेव्हा त्यांच्या सामानात ही होती. भाच्याने ते वहीत लिहून घेतलं, शिवणीचं आणि अक्षरांचं चित्र काढलं. आगळ दुसऱ्या बाटलीत ओतलं. ही आता धुऊन, उपडी करून, ओसरीवर वाळते आहे.