गार पडलेला हॅमस्टर

पाळलेला हॅमस्टर थंडीत गारठून निपचित पडला की घरातली माणसं दोनपैकी एक निष्कर्ष काढतात. तो गेला, किंवा शीतनिद्रेत गेला, थंडी सरली की उठेल. दोन्ही समजुती त्याच्या जिवावर बेतू शकतात. पहिलीपायी जिवंत प्राणी मातीआड होतो, दुसरीपायी तो पिंजऱ्यातच उपाशी मरतो. हा घोळ का होतो हे कळायला हॅमस्टर माणसाच्या घरी कोणत्या वाटेने आला ते पाहावं लागतं.

सोनेरी किंवा सीरियन हॅमस्टर मूळचा उत्तर सीरियातल्या अलेप्पोच्या आसपासच्या पठाराचा आणि त्याला लागून असलेल्या तुर्कस्तानच्या पट्ट्याचा. तिथला उन्हाळा भाजून काढतो आणि हिवाळ्यात रात्री पारा शून्याखाली जातो. अलेप्पोत वैद्यकी केलेल्या रसेल बंधूंच्या ग्रंथाच्या 1794 च्या आवृत्तीत या प्राण्याची नोंद सापडते. फाडून पाहिलेल्या एका हॅमस्टरच्या गालांच्या पिशव्यांत कोवळ्या फरसबीच्या शेंगा एकीला एक लावून, उभ्या रचून भरलेल्या होत्या. ही नोंद मला फार मोलाची वाटते, कारण या प्राण्याचा सगळा हिवाळा त्या साठ्यावर उभा आहे. पुढे 1839 मध्ये लंडनच्या जॉर्ज वॉटरहाऊस यांनी त्याला शास्त्रीय नाव दिलं.

त्यानंतर जवळपास शंभर वर्षं त्याच्याकडे कोणाचं फारसं लक्ष गेलं नाही. ते वळलं ते काळा आजारामुळे, म्हणजे परजीवीमुळे होणाऱ्या एका जीवघेण्या तापामुळे. या रोगाचं नावच आपल्याकडचं. त्याचा परजीवी 1903 मध्ये ब्रिटिश लष्करी डॉक्टर लीशमन यांनी कोलकात्याजवळच्या डमडमला राहून गेलेल्या एका सैनिकाच्या प्लीहेत दाखवला आणि त्याच वर्षी डोनोव्हन यांनी मद्रासला. परजीवीला दोघांचीही नावं मिळाली. हा रोग प्रयोगशाळेत चिनी हॅमस्टरमध्ये रुजवता येत होता, पण चिनी हॅमस्टरची बंदिवासात पैदास होईना. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातले परजीवीतज्ज्ञ सॉल अॅडलर यांना जवळपास मिळणारा दुसरा हॅमस्टर हवा होता. तो आणण्याचं काम त्यांच्याच विद्यापीठातले प्राणिशास्त्रज्ञ इस्रायल अहारोनी यांच्याकडे आलं.

एप्रिल 1930 मध्ये अलेप्पोजवळच्या एका गव्हाच्या शेतात मजुरांनी तासन्‌तास खणून, अहारोनींच्या सांगण्याप्रमाणे सुमारे अडीच मीटर खोलीवरून, एक मादी आणि तिची अकरा पिल्लं बाहेर काढली. भेदरलेल्या मादीने एका पिल्लाला तिथेच मारलं, म्हणून तिला सायनाइडच्या बाटलीत टाकण्यात आलं. उरलेली पिल्लं अहारोनी दांपत्याने हाताने वाढवली. काही पिंजऱ्याचा लाकडी तळ कुरतडून निसटली, काही मेली. जी मूठभर उरली त्यांतल्या भावाबहिणींपासून वर्षभरात दीडशेच्या आसपास संतती झाली. अॅडलर यांनी 1931 मध्ये त्यातले काही कोटाच्या खिशात घालून इंग्लंडला नेले. आज जगभरच्या घरांत असलेले जवळपास सगळे सीरियन हॅमस्टर या एका बिळातून आलेले आहेत.

म्हणजे घरी येण्याआधी तो प्रयोगशाळेत वाढला, ऊबदार खोलीत, ठरलेल्या उजेडात आणि भरल्या पोटी. त्यामुळे त्याच्या शरीराला थंडीत काय करता येतं हे बरीच वर्षं कोणाच्या ध्यानात येण्याचं कारणच नव्हतं. हार्वर्डमध्ये चार्ल्स लायमन यांनी 1940 च्या दशकाच्या अखेरीस या हॅमस्टरना पाच अंशांच्या आसपासच्या थंड खोलीत ठेवून पाहिलं. ते लगेच निजले नाहीत. काहींना आठवडे लागले, काहींना महिने, आणि काही तर निजलेच नाहीत. थंड प्रदेशातलं अस्वल किंवा जमिनीत बीळ करणारी खार जशी ऋतू आला की चरबी साठवू लागते, तसं याचं नाही. आधी थंडी आणि लहान दिवस यांची जोड लागते, मग हा घरट्याची जमवाजमव करतो, धान्य साठवतो आणि त्यानंतर शरीर थंड होऊ देतो. उजेडाचा वाटा 1965 मध्ये अधिक स्पष्ट झाला. रॉजर हॉफमन आणि रसेल रायटर यांनी दाखवलं की काळोखात ठेवलेल्या नर हॅमस्टरची वृषणं आक्रसतात आणि हे घडवून आणते ती मेंदूतली पिनिअल ग्रंथी. हिवाळा आला, हे या शरीराला दिवसाच्या लांबीवरूनही समजतं.

एकदा निजला की त्याचं तापमान खोलीच्या तापमानाच्या थोडंसंच वर राहतं आणि मिनिटाला शेकड्यांनी पडणारे हृदयाचे ठोके हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरतात. पण सलग हिवाळाभर तो असा पडून राहत नाही. दर तीन-चार दिवसांनी स्वतःहून तापतो, साठ्यातलं खातो, लघवी करतो आणि पुन्हा थंड होतो. साठाच नसेल, पिंजरा साफ करताना आपण तो रोज फेकून देत असू, तर हे चक्र चालणार कशावर?

जागं होणं हा यातला सर्वांत खर्चिक भाग. लायमन आणि पॉल चॅटफिल्ड यांनी 1950 मध्ये त्याचा मागोवा घेतला. आधी छाती आणि पुढचे पाय तापतात, मागच्या अंगाच्या रक्तवाहिन्या आवळलेल्याच राहतात. खांद्यांच्या मधल्या तपकिरी चरबीची भट्टी पेटते, थरथर सुरू होते आणि साधारण तीन तासांत प्राणी उभा राहतो. अंगात इंधनच नसेल तर ही भट्टी अर्ध्यात विझते.

याच सुमारास लंडनच्या मिल हिलमधल्या वैद्यकीय संशोधन संस्थेत ऑड्रे स्मिथ आणि सहकारी वेगळाच प्रयोग करत होते. बेलग्रेडच्या रादोस्लाव आंद्यूस यांनी उंदरांवर केलेल्या कामाच्या पुढे जाऊन त्यांनी हॅमस्टरचं शरीर शून्याखाली नेलं. श्वास आणि हृदय थांबवलं आणि पुन्हा सुरू केलं. सुरुवातीला हृदय चालू करायला छातीवर तापवलेली धातूची वस्तू टेकवत आणि प्राणी भाजत. त्याच संस्थेतल्या जेम्स लव्हलॉक यांना ते पाहवेना, म्हणून त्यांनी लहरींनी आतून तापवणारं उपकरण बनवलं. या प्रयोगांमुळे ‘हॅमस्टर गोठून जिवंत होतो’ अशी ख्याती झाली. ती दिशाभूल करणारी आहे. बिळातला हॅमस्टर गोठत नाही आणि स्वतःच्या चरबीवर, आतून तापतो. हेअर ड्रायर, गरम पाण्याची पिशवी किंवा कोमट पाण्यात बुडवणं म्हणूनच वाईट. खोली उबदार करावी, ओंजळीत धरावं, वेळ द्यावा आणि पूर्ण शुद्धीवर आल्याशिवाय तोंडात काही घालू नये.

आता बुटक्या हॅमस्टरबद्दल. दुकानात ते सीरियनशेजारीच ठेवलेले असतात, पण त्यांची गोष्ट निराळी. झुंगेरियन हॅमस्टर सायबेरिया-कझाकस्तानच्या गवताळ मैदानांतला. निसर्गअभ्यासक पालास यांनी 1773 मध्ये त्याचं वर्णन केलं. हा शीतनिद्रा घेतच नाही. लहान दिवसांचे बरेच आठवडे गेल्यावर त्याची लव पांढरी होते, वजन उतरतं आणि मग अधूनमधून दिवसा काही तास तो शरीराचं तापमान वीस अंशांच्या आसपास उतरवतो. रात्री पुन्हा धावायला तयार. जर्मनीत गेरहार्ड हेल्डमायर आणि स्टेफान स्टाइनलेखनर यांनी 1981 मध्ये याचं ऋतुचक्र आणि ऊर्जेचा हिशेब मांडला. या रोजच्या, तासांच्या अवस्थेला टॉर्पर म्हणतात. मराठीत दोन्हींना शीतनिद्रा म्हटलं जातं आणि घोळ तिथेच सुरू होतो.

‘निद्रा’ हा शब्दही मला खटकतो. टॉम डेबूर आणि इरेने टोबलर यांनी 1994 मध्ये झुंगेरियन हॅमस्टरच्या मेंदूचे आलेख तपासले. टॉर्परमधून बाहेर आल्यावर तो गाढ झोपतो आणि ती झोप जागरणानंतरच्या झोपेसारखी दिसते. ज्याला आपण झोप म्हणतो त्यात त्याची झोप होतच नाही. ‘शीतनिष्क्रियता’ हा शब्द जड आहे, पण खरा आहे.

आपल्याकडे मुंबईच्या घरात सीरियन हॅमस्टर शीतनिष्क्रिय होईल इतकी थंडी पडत नाही. एसी वीसवर ठेवला तरी नाही. जानेवारीतल्या निफाडला, पत्र्याच्या खोलीत किंवा उघड्या बाल्कनीत, ती पडू शकते. मात्र एप्रिल-मेमध्ये लुळा पडलेला हॅमस्टर उष्माघाताचा समजावा. त्याला उबदार नव्हे तर गार, सावलीच्या जागी हलवून तडक पशुवैद्याकडे न्यावं. अतिशय आजारी हॅमस्टरही कोणत्याही ऋतूत गार पडतो. मेला असं वाटलं तरी मिशा आणि बरगड्यांकडे दोन-तीन मिनिटं टक लावून बघावं. इतक्या थंड अंगात दोन श्वासांमधलं अंतर फार मोठं असू शकतं.