डीफॉल्ट मूल्य, जावास्क्रिप्टमधील

जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंग भाषेत ऑब्जेक्टमध्ये (नावे व मूल्ये यांच्या जोड्यांच्या संचात) एखादी प्रॉपर्टी (अशी एक जोडी) नसल्यास तिच्या जागी वापरावयाचे पूर्वनिश्चित मूल्य. नसलेली प्रॉपर्टी मागितली तरी जावास्क्रिप्ट त्रुटी दाखवीत नाही. प्रोटोटाइपांच्या साखळीतही (ऑब्जेक्ट ज्यांच्याकडून प्रॉपर्टी उसन्या घेतो, त्या ऑब्जेक्टांच्या मालिकेत) ती न सापडल्यास ‘अनडिफाइन्ड’ (‘ठरलेले नाही’ असे सांगणारे मूल्य) हाती येते. ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केपसाठी ही भाषा रचली. प्रोटोटाइपांची कल्पना सेल्फ या भाषेकडून आली.

दीर्घकाळ रूढ असलेला मार्ग || या चिन्हाचा: डावीकडचे मूल्य ‘नाही’ ठरल्यास ते उजवीकडचे देते. त्याचा दोष लहान पण घातक आहे. ‘पर्याय.आवाज || नेहमीचा’ असे लिहिले आणि वापरकर्त्याने आवाज मुद्दाम शून्यावर आणला, तरी स्पीकर नेहमीच्या आवाजात वाजू लागतो. कारण शून्य, रिकामी स्ट्रिंग (मजकूर) आणि ‘फॉल्स’ हीदेखील या चिन्हाला ‘नाही’च वाटतात. वापरकर्त्याने दिलेले उत्तर असे पुसले जाणे ही गंभीर चूक मानावी. (प्रॉपर्टींची नावे येथे देवनागरीत आहेत; जावास्क्रिप्टला तीही चालतात.)

एक्मा या प्रमाणक संस्थेच्या, या भाषेसाठीच्या २०२० च्या प्रमाणकात आलेले ?? हे चिन्ह केवळ ‘नल’ (मुद्दाम रिकामे ठेवलेले मूल्य) व ‘अनडिफाइन्ड’ यांनाच उणीव समजते. त्याचे मूळ दोन ठिकाणी दाखविता येते. पर्ल या भाषेच्या ५.१० या आवृत्तीत (२००७) याच धर्तीचे // आले होते, सी-शार्प या भाषेमध्ये ?? त्याआधीच, २००५ च्या सुमारास, रूढ झाले होते. जावास्क्रिप्टमध्ये // ने टीप (कॉमेंट) सुरू होत असल्याने ते चिन्ह घेणे शक्यच नव्हते. पीएचपीनेही २०१५ मध्ये ?? स्वीकारले होते, हे पाहता सी-शार्पकडील वारसा अधिक ग्राह्य वाटतो. || आणि ?? कंसांशिवाय एकत्र लिहिल्यास वाक्यरचनेची त्रुटी येते. ही सक्ती योग्यच आहे. कोणते चिन्ह आधी लागू होईल, याचा अंदाज वाचणाऱ्यावर सोडलेला नाही.

२०१५ च्या प्रमाणकातील डीस्ट्रक्चरिंगमध्ये (ऑब्जेक्टातील मूल्ये वेगवेगळ्या चलांत काढून घेण्याच्या रीतीत) = ने दिलेले डीफॉल्ट मात्र फक्त ‘अनडिफाइन्ड’साठी लागू होते; सर्व्हरकडून ‘नल’ आले, तर ते तसेच पुढे जाते. हे डीफॉल्ट मूल्य गरज पडली तरच, आणि दर वेळी नव्याने काढले जाते. २०१८ पासून डीफॉल्टांचा ऑब्जेक्ट आधी व वापरकर्त्याचा नंतर तीन टिंबांनी (...) एका नव्या ऑब्जेक्टात पसरता येतो; नंतरचे मूल्य आधीच्यावर चढते. वापरकर्त्याच्या ऑब्जेक्टात प्रॉपर्टी असून तिचे मूल्य ‘अनडिफाइन्ड’ असेल, तर तेही डीफॉल्टावर चढते. आतला ऑब्जेक्टही संपूर्ण बदलला जातो, त्यातील प्रॉपर्टी एकेक करून मिसळत नाहीत.