तात आणि तार (गिटार व गजवाद्ये)

यूरोपात गिटार आणि व्हायोलिन कुळातील वाद्यांना कित्येक शतके मेंढीच्या आतड्याची तात लावीत. आतडे अल्कधर्मी पाण्यात भिजवून खरवडतात, पट्टे ओले असतानाच पिळतात, ताणावर वाळवतात आणि घासून एकसारखे करतात. ‘कॅटगट’ या तातेच्या इंग्रजी नावाचा मांजराशी संबंध असल्याचा पुरावा नाही. व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. जाडी असमान राहिली तर मोकळी तात सुरात वाजते, पण बोट ठेवताच कणसूर होते. म्हणून ल्यूट (गिटारसारखे जुने यूरोपीय तंतुवाद्य) वाजवणारे ती दोन्ही हातांत ताणून छेडत : दोन स्वच्छ कडा दिसल्या तर ठेवायची, अनेक पुसट रेषा दिसल्या तर टाकायची.

खरी अडचण खर्जाची. व्हायोलिनच्या चार तारा पंचमाच्या अंतराने लावतात. लांबी व ताण सारखे ठेवल्यास सर्वांत खालच्या तातेचा व्यास वरच्या तातेच्या सुमारे ३.४ पट लागतो, म्हणजे ०.६ मिमी.ला जवळपास २ मिमी. इतकी जाड तात ताठर असते. तिचे उपस्वर (मूळ स्वरासोबत उमटणारे वरचे स्वर) चढे लागतात, नाद बसका येतो आणि गज लगेच पकडत नाही. यावर सतराव्या शतकापूर्वी काय उपाय होता, याविषयी मतभेद आहेत. काहींच्या मते तातेत धातूचे क्षार भरून ती जड करीत. जुन्या ल्यूटच्या घोडीतील (तारा बांधायच्या पट्टीतील) अरुंद छिद्रे, ज्यांतून साधी जाड तात जाणार नाही, हा त्यांचा मुख्य आधार. दोरीसारखा दुहेरी पीळ देत, हे दुसरे मत. पीळ वाढला की लवचीकता वाढते हे प्रत्यक्ष करून पाहता येत असल्याने ते अधिक सावध वाटते.

साधारण १६६० च्या सुमारास तातेवर बारीक धातूची तार गुंडाळू लागले. लंडनच्या जॉन प्लेफर्डने १६६४ मध्ये अशा तारांची जाहिरात दिली. वजन वाढले, ताठरपणा वाढला नाही. चेलो (व्हायोलिन कुळातील खर्जाचे मोठे वाद्य) आकाराने आटोपशीर होण्यामागे हेच कारण असावे. पुढे गिटारच्या खर्जाच्या तारांत तातेऐवजी रेशमाचा गाभा आला.

व्हायोलिनची वरची तात तुटण्याच्या मर्यादेजवळच ताणलेली असते. जाड तात लावून उपयोग नाही, कारण त्याच स्वरासाठी ताणही त्याच प्रमाणात वाढतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिची जागा पोलादाने घेतली.

दुसऱ्या महायुद्धात तात शस्त्रक्रियेच्या टाक्यांकडे वळली. तेव्हा न्यूयॉर्कमध्ये आल्बर्ट ऑगस्टीन यांनी गिटारसाठी नायलॉनची तार केली आणि गिटारवादक सेगोव्हियांनी ती स्वीकारली. नायलॉन तातेपेक्षा हलके असल्याने तिसरी तार जाड ठेवावी लागते व ती मंद वाजते. तिथे काही वादक अधिक घन, म्हणून बारीक चालणारी फ्लुओरोकार्बन या प्लास्टिकची तार लावतात.