रातचं पाणी आणि डोळ्यांतल्या तिसऱ्या पेशी

रब्बीचा गहू-हरभरा पेरून झाला की जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या पेपरांत एक बातमी ठरलेली असते: शेतीपंपांना दिवसा वीज द्या. निवेदनं जातात, मोर्चे निघतात. त्यासाठी दिली जाणारी कारणं शंभर टक्के खरी आहेत. अंधारातला साप, बिबट्या, कडाक्याची थंडी, ओल्या हातानं दाबलेला स्टार्टर. पण या यादीत एक कारण मला आजवर वाचायला मिळालेलं नाही. माणसाचं शरीर दिवस-रात्र मोजत असतं, आणि ते मोजमाप आठवड्यातून दोनदा उलटंपालटं केलं तर त्याची किंमत रक्तातल्या साखरेपासून मनाच्या अवस्थेपर्यंत सगळीकडे मोजावी लागते.

‘आज रातनी लाईट शे’ असा निरोप आला की माणूस जेवून, बॅटरी घेऊन मळ्यात जातो. तीन-चार दिवस रात्रीची पाळी, मग तीन-चार दिवस दिवसाची. पहाटे घरी परततो तेव्हा तांबडं फुटलेलं असतं. ‘सवय व्हई जास’ असं जुनीजाणती माणसंही सांगतात. सवय होत नाही. चिकाटी कमी पडते म्हणून नव्हे, तर डोळ्यांत आणि मेंदूत जी यंत्रणा आहे ती तशी सवय होऊच देत नाही म्हणून. या यंत्रणेचा डोळ्यांतला भाग शास्त्रज्ञांना सापडला तो गेल्या तीसेक वर्षांत.

शाळेत आपण शिकलो की दृष्टिपटलात दोन प्रकारच्या पेशी प्रकाश टिपतात. मंद उजेडासाठी दंडपेशी, रंगांसाठी शंकुपेशी. जवळजवळ दीडशे वर्षं पाठ्यपुस्तकांत एवढंच होतं. मात्र १९२० च्या दशकात हार्वर्डमध्ये क्लाईड कीलर नावाच्या तरुण संशोधकाला एक विचित्र गोष्ट दिसली. त्याच्याकडच्या काही उंदरांच्या डोळ्यांत जन्मापासून दोष होता, ते आंधळे होते. तरी डोळ्यावर उजेड टाकला की त्यांची बाहुली आकसायची. प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला कळतो! ही नोंद पुढे कित्येक वर्षं तशीच पडून राहिली. १९९० च्या दशकात रसेल फॉस्टर यांनी दाखवलं की दंडपेशी आणि शंकुपेशी दोन्ही नसलेल्या उंदरांचंही शरीराचं घड्याळ उजेडाप्रमाणे पुढे-मागे होतं. डोळेच काढले तर मात्र होत नाही. १९९५ मध्ये चार्ल्स साइस्लर यांच्या गटाला काही अंध माणसांतही हेच आढळलं. त्यांना काही म्हणता काही दिसत नव्हतं, तरी रात्री प्रखर दिवा लावला की त्यांच्या रक्तातलं मेलाटोनिन, म्हणजे शरीराला रात्र झाल्याचं सांगणारं संप्रेरक, घटायचं.

म्हणजे डोळ्यात तिसरं काहीतरी होतं. ते सापडलं आडवाटेनं. १९९८ मध्ये इग्नासिओ प्रोव्हेन्सिओ बेडकाच्या कातडीतल्या रंगपेशींचा अभ्यास करत होते. या पेशी उजेडात रंग बदलतात. त्यांच्यात एक नवीन प्रकाशग्राही प्रथिन मिळालं, त्याचं नाव ठेवलं मेलॅनॉप्सिन. शोध घेतला तर ते डोळ्याच्या दृष्टिपटलातही निघालं, पण दंडपेशींत नाही, शंकुपेशींतही नाही. ते होतं गँग्लियन पेशींत. या पेशींचं काम फक्त वरून आलेला निरोप मेंदूकडे पोचवायचं, असा तोवरचा समज. माणसाच्या एका डोळ्यात अशा दहा लाखांच्या आसपास पेशी असतात आणि शंभरात जेमतेम एखादीत मेलॅनॉप्सिन असतं. २००२ मध्ये डेव्हिड बर्सन यांनी उंदराच्या अशा पेशी शेजाऱ्यांपासून पूर्ण तोडून उजेडात ठेवल्या, तरी त्या पेटून उठल्या. त्या स्वतःच प्रकाश टिपत होत्या.

आता मला या शोधातला सर्वांत आवडणारा भाग. दंडपेशी आणि शंकुपेशी उलट्या वागतात: अंधारात त्यांच्यात विद्युतप्रवाह चालू असतो आणि उजेड पडला की बंद होतो. मेलॅनॉप्सिनच्या पेशीत उजेड पडला की प्रवाह सुरू होतो. आतली रासायनिक साखळीही वेगळी. मेलॅनॉप्सिनमध्ये जीवनसत्त्व ‘अ’पासून बनलेला रेटिनल नावाचा रेणू वाकडा होऊन बसलेला असतो. प्रकाशकण आदळला की तो सरळ होतो, प्रथिनाचा आकार बदलतो, त्यानं फॉस्फोलिपेज-सी हे विकर जागं होतं आणि पेशीच्या पटलातली दारं उघडून सोडियम-कॅल्शियम आत शिरतं. माशीच्या डोळ्यातली यंत्रणा साधारण अशीच आहे. म्हणजे आपल्या डोळ्यात पाहण्याची एक पद्धत आहे आणि उजेड मोजण्याची दुसरी, कीटकांच्या डोळ्याशी नातं सांगणारी. ही दुसरी पद्धत मंद आहे. तिला क्षणाचा झगमगाट कळत नाही, पण मिनिटामागून मिनिट पडणाऱ्या उजेडाची ती बेरीज करत बसते. निळ्या छटेला, म्हणजे ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या लहरींना, ती सर्वांत जास्त प्रतिसाद देते. उघड्या आभाळाचा रंग तोच आहे.

ही बेरीज जाते कुठे? दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना छेदतात, त्याच्या लगेच वर, मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमध्ये सुमारे २०,००० चेतापेशींचा एक पुंजका आहे. हे शरीराचं मुख्य घड्याळ. त्याच्या प्रत्येक पेशीत ‘पीरियड’ नावाचं जनुक आहे. १९७१ मध्ये रोनाल्ड कोनोप्का आणि सीमोर बेंझर यांना ते फळमाशीत मिळालं. पुढे जेफ्री हॉल, मायकेल रॉसबाश आणि मायकेल यंग यांनी त्याची चाल उलगडली, त्याबद्दल त्यांना २०१७ चं नोबेल मिळालं. चाल अशी. दिवसभर हे जनुक प्रथिन बनवण्याचा हुकूम सोडत राहतं. संध्याकाळपर्यंत प्रथिन साचतं, मग तेच पेशीच्या केंद्रकात जाऊन जनुकाला बंद करतं. रात्रभर प्रथिन झिजतं, पहाटे संपत येतं आणि जनुक पुन्हा सुरू होतं. पाण्याच्या टाकीतला फ्लोट आठवा: पाणी वर आलं की मोटर बंद, खाली गेलं की चालू. असं एक भरणं आणि रिकामं होणं म्हणजे एक दिवस. बाहेर सूर्य नसला तरी हे चालतं. १९९९ मध्ये काटेकोर मोजणी झाली तेव्हा माणसात त्याला सरासरी २४ तास ११ मिनिटं लागतात असं दिसलं. आपल्याकडे मदुराई कामराज विद्यापीठात एम. के. चंद्रशेखरन यांनी वटवाघळांवर असंच काम केलं, आणि माणसांना घड्याळाविना, सूर्याविना राहता येईल अशी बंद खोलीही तिथे बांधली होती.

आता प्रकाश काय करतो ते पाहा. मेलॅनॉप्सिनच्या पेशींचा निरोप या पुंजक्यात पोचला की तिथेही कॅल्शियम आत शिरतं आणि ‘पीरियड’ जनुकाला जबरदस्तीनं चालू करतं. म्हणजे टाकीत वरून जादा पाणी ओतलं जातं. रात्रीच्या पहिल्या भागात ओतलं तर? तेव्हा टाकी रिकामी होत असते, तिला रिकामी व्हायला उशीर लागतो, घड्याळ मागे पडतं. पहाटेनंतर ओतलं तर? टाकी भरायला लागणारच होती, ती लवकर भरते, घड्याळ पुढे सरकतं. प्रकाश तोच, वेळेप्रमाणे परिणाम बरोबर उलटा. दोन्हींची सीमा बहुतेकांत नेहमीच्या उठण्याच्या दोन-तीन तास आधी असते, शरीराचं तापमान सर्वांत खाली असतं तेव्हा. रोजची ११ मिनिटं पुसून काढण्याचं काम सकाळचा उजेड करतो.

आता पुन्हा मळ्यात चला. उजेड लक्स या एककात मोजतात. पौर्णिमेचं भर चांदणंही अर्ध्या लक्सपेक्षा कमी असतं. सरीवर पडलेला बॅटरीचा उजेड फार तर काही लक्स. एवढ्यानं घड्याळ जवळपास हलत नाही. म्हणजे माणूस रात्रभर दांडात पाणी वळवत असतो आणि त्याचं शरीर ठामपणे ‘मध्यरात्र आहे’ म्हणत असतं. सकाळी परतताना कोवळं ऊन डोळ्यावर पडतं, उघड्यावर हजारो लक्सचं. घड्याळ थोडंफार मागे पडलंच असलं तर ते ऊन त्याला ओढून पुन्हा दिवसाच्या जागी आणून ठेवतं. पत्र्याच्या घरात तो झोपायला जातो तेव्हा शरीराचं तापमान चढणीला लागलेलं असतं, झोप चार-पाच तासांत मोडते. प्रखर दिव्यांखाली ठरवून प्रयत्न केला तरी घड्याळ दिवसाला साधारण तासभरच सरकतं. रात्रीच्या पाळीला जुळवून घ्यायला आठवडा-दीड आठवडा लागावा, आणि आपलं वेळापत्रक त्याआधीच बदललेलं असतं. भुसावळच्या रेल्वे यार्डात किंवा दीपनगरच्या वीज केंद्रात रात्रपाळी करणाऱ्यांचंही दुखणं हेच, फक्त तिथे दिवे जास्त. रात्रपाळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २००७ मध्ये ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकलं आणि २०१९ मध्ये पुन्हा तोच निर्णय दिला.

मेलाटोनिनचं थोडक्यात. मुख्य घड्याळाचा निरोप मेंदूतून खाली पाठीच्या कण्यात, तिथून मानेतल्या चेतापेशींच्या गाठीत आणि परत वर मेंदूतल्या, मेलाटोनिन बनवणाऱ्या पिनिअल ग्रंथीत जातो. एवढा वळसा घालून! मानेपाशी कणा पूर्ण तुटलेल्या माणसांत मेलाटोनिनची लय नाहीशी होते ती म्हणूनच. आणि म्हणूनच मोबाईलवर फिरणारे ‘पिनिअल म्हणजे तिसरा डोळा, उगवत्या सूर्याकडे टक लावा, तो उघडेल’ हे व्हिडिओ धादांत खोटे आहेत. बेडूक-सरड्यांच्या डोक्यावर खरोखर प्रकाश टिपणारा असा अवयव असतो. सस्तन प्राण्यांत पिनिअलला स्वतःला प्रकाश कळत नाही. सूर्याकडे टक लावल्यानं दृष्टिपटल जळतं आणि ते भरून येईलच असं नाही. तरुण मुलं हे करतात, त्यांना थांबवा. निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्यांवर पैसे घालवण्याआधीही थांबा. त्यांनी डोळ्यांचा ताण कमी होतो असं पुराव्यांच्या २०२३ मधल्या मोठ्या आढाव्यात दिसलं नाही. झोपेबद्दलही ठोस काही हाती आलं नाही.

मनाचं काय? ओस्लोमध्ये डिसेंबरात दिवस सहा तासांचा असतो. तिथल्या हिवाळी औदासीन्यावर सकाळी अर्धा तास १०,००० लक्सच्या दिव्यासमोर बसवतात. खान्देशात सर्वांत लहान दिवसही पावणेअकरा तासांहून मोठा आहे, त्यामुळे ते दुखणं आपलं नाही. पण २०१२ मध्ये समेर हत्तार यांच्या गटानं उंदरांना साडेतीन तास उजेड, साडेतीन तास अंधार अशा चक्रात ठेवलं. झोप एकूण कमी झाली नाही, तरी उंदरांत नैराश्याची लक्षणं दिसली, त्यांचं शिकणं मंदावलं. मेलॅनॉप्सिनच्या पेशी नसलेल्या उंदरांना काहीच झालं नाही. म्हणजे या पेशींची एक वाट झोपेला वळसा घालून मनापर्यंतही जाते. उंदरांवरून माणसावर उडी मारायची घाई मी करणार नाही, पण शेतकऱ्यांच्या मनाच्या आरोग्याबद्दल बोलताना उजेड-अंधाराचा विचारच न करणं मला पटत नाही.

मे महिन्यात आपल्याकडे गच्चीवर झोपतात. २०१३ मध्ये केनेथ राइट यांनी काही जणांना आठवडाभर डोंगरात, दिव्यांविना, तंबूत ठेवलं, तर त्यांचं घड्याळ सुमारे दोन तास अलीकडे आलं. आपली गच्ची हेच करायची. आता गल्लीत पांढरेशुभ्र एलईडी आणि चौकात हायमास्ट आहे. माणसामाणसांत रात्रीच्या उजेडाबद्दलच्या संवेदनेत पन्नासपटीचा फरक आढळला आहे, तेव्हा शेजाऱ्याला झोप लागते म्हणून तुम्हाला लागायलाच हवी असं नाही. गच्चीकडे तोंड असलेल्या दिव्याला वरून झाकण लावा अशी मागणी ग्रामपंचायतीकडे करण्यात काही चूक नाही.

रातचं पाणी ज्यांना चुकवताच येत नाही त्यांनी पहाटे परतताना टोपी किंवा रुमाल डोळ्यांवर ओढून घ्यावा, खिडकीला जाड गोधडी लावून आधी झोपावं, ऊन दुपारनंतर घ्यावं. रात्री मळ्यात भरपेट जेवू नये, कारण त्या वेळी शरीर साखर नीट पेलत नाही. आणि मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर दवाखान्यात गेल्यावर ‘झोप बरी आहे’ एवढ्यावर थांबू नये. या आठवड्यात किती रात्री पाणी भरलं, कधी जेवलो, गोळी किती वाजता घेतली, हे डॉक्टरांना न विचारता सांगावं.