सत्ताविसावं मत

2 जुलै 2009 रोजी कॅलिफोर्निया राज्याच्या तिजोरीतून चेकसारखे दिसणारे कागद लोकांना जाऊ लागले. हाती आलेला कागद नीट वाचला की कळायचं, हा चेक नाही, ही तर हुंडी आहे. आज पैसे नाहीत, 2 ऑक्टोबरला या, वर्षाला 3.75 टक्के दराने व्याज मिळेल. आयकराचा परतावा येणार म्हणून वाट बघणारी कुटुंबं, राज्याला माल पुरवणारे छोटे व्यावसायिक, स्थानिक संस्था, सगळ्यांच्या वाट्याला हेच कागद आले. मोठ्या बँकांनी पहिला आठवडा ते स्वीकारले आणि 10 जुलैनंतर हात वर केले. घरभाडं भरायची तारीख मात्र ऑक्टोबरपर्यंत थांबत नाही.

अशा सुमारे साडेचार लाख हुंड्या निघाल्या. रक्कम होती 2.6 अब्ज डॉलर. सप्टेंबरमध्ये, ठरल्या मुदतीच्या आधीच, राज्याने त्या परत घ्यायला सुरुवात केली. तरी प्रश्न उरतोच. स्वतंत्र देश असता तर जगातल्या पहिल्या दहा अर्थव्यवस्थांत बसला असता, अशा राज्यावर ही वेळ का यावी?

मंदी हे कारण खरंच होतं. 2008 नंतर उत्पन्न कोसळलं होतं. पण मंदी शेजारच्या राज्यांतही होती. कॅलिफोर्नियाचं घोडं अडलं ते एका आकड्यापाशी: दोन तृतीयांश.

अर्थसंकल्पाला विधिमंडळाची दोन तृतीयांश मतं लागण्याचा हा नियम 1933 सालचा, महामंदीतला. सुरुवातीला त्याची व्याप्ती लहान होती. खर्च आदल्या अर्थसंकल्पापेक्षा 5 टक्क्यांहून जास्त वाढला तरच दोन तृतीयांश मतं लागत. 1962 मध्ये तो सरसकट प्रत्येक अर्थसंकल्पाला लागू झाला. 1978 मध्ये ‘प्रपोझिशन 13’ या सार्वमताने राज्याचे कर वाढवायलाही तीच अट आली. म्हणजे खर्चाच्या दाराला एक कुलूप आणि उत्पन्नाच्या दाराला दुसरं.

या कुलपाची ताकद मोजता येते. सामाजिक शास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांनी 1971 मध्ये एक साधी कल्पना मांडली: एखाद्या सभेचे सदस्य ‘हो’ आणि ‘नाही’ अशी मतं ज्या ज्या प्रकारे देऊ शकतात, त्या सगळ्या प्रकारांपैकी किती प्रकारांत ठराव मंजूर होतो? प्रत्येकाने नाणं उडवून मत दिलं असं समजा. कॅलिफोर्नियाच्या सिनेटमध्ये 40 सदस्य आहेत. साध्या बहुमताला 21 मतं लागतात, आणि ती शंभरात सुमारे 44 वेळा जमतात. दोन तृतीयांशाला 27 लागतात. मतं वाढली फक्त सहा, पण आता ठराव शंभरात जेमतेम दोनदा मंजूर होतो. दुसरं सभागृह 80 जणांचं, तिथे 54 हवेत. दोन्ही सभागृहं मिळून हिशोब केला, तर साध्या बहुमताने पाचात एकदा जमणारी गोष्ट दोन तृतीयांशाने सुमारे 45 हजारांत एकदा जमते.

खरे आमदार नाणं उडवत नाहीत, पक्ष बघतात. हा हिशोब माणसांचा स्वभाव सांगत नाही, नियमाचं वजन सांगतो. स्वभाव कळायला दुसरं चित्र लागतं. सर्व 40 सदस्य मतांप्रमाणे एका ओळीत उभे करा, या टोकाला करवाढीचे समर्थक, त्या टोकाला कट्टर विरोधक. साध्या बहुमतात ओळीच्या मधला माणूस निर्णायक ठरतो. नियम 27 चा झाला की किल्ली सत्ताविसाव्या माणसाच्या हातात जाते, आणि तो बहुतेक वेळा विरोधी पक्षाचा असतो.

फेब्रुवारी 2009 मध्ये करवाढ असलेल्या अर्थसंकल्पावर हे अक्षरशः घडलं. सिनेटचे नेते डॅरेल स्टाइनबर्ग यांनी सदस्यांना टूथब्रश घेऊनच यायला सांगितलं आणि सभागृह रात्रंदिवस चालू ठेवलं. बहुमतातले डेमोक्रॅट होते 24, म्हणजे तीन रिपब्लिकन हवे होते. दोघे तयार झाले. त्यातले एक, डेव्ह कॉगडिल, रिपब्लिकनांचे सिनेटमधले नेते होते. स्वपक्षाने मध्यरात्री त्यांचं नेतेपद काढून घेतलं. तिसरं मत एबल माल्डोनाडो यांचं. त्यांनी अटी घातल्या: पेट्रोलवरची करवाढ वगळा, आणि पक्षांचे उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीची पद्धत बदलण्याचा प्रस्ताव सार्वमताला टाका. निवडणूक पद्धतीचा अर्थसंकल्पाशी काय संबंध? काहीच नाही. पण उरलेलं मत एकच असलं की त्याची किंमत मत देणाराच ठरवतो. 19 फेब्रुवारीला पहाटे 27 मतं भरली. त्या समझोत्यातल्या पैशांच्या ज्या तरतुदी सार्वमताला टाकल्या होत्या, त्यांतल्या बहुतेक मे महिन्यात मतदारांनी फेटाळल्या आणि जुलैत हुंड्या निघाल्या.

नियमाचे समर्थक म्हणत, यामुळे अल्पमताचं संरक्षण होतं आणि उधळपट्टी रोखली जाते. हा विचार मी हलका मानत नाही. घटनादुरुस्तीला दोन तृतीयांश मतं असावीत हे मलाही पटतं. आपल्या संसदेतही घटनादुरुस्तीला उपस्थित राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश लागतात. दुरुस्ती फसली तर जुनी घटना असते तिथेच असते, कुणाचं काही अडत नाही. अर्थसंकल्पाचं तसं नाही. तिथे निर्णय न होणं हाही एक निर्णयच ठरतो, कारण कॅलिफोर्नियात 1 जुलैला नवं आर्थिक वर्ष सुरू होतंच आणि बिलं येतच राहतात. मग त्या राज्याच्या घटनेप्रमाणे आधी शाळा, मग कर्जफेड, आणि बाकीच्यांनी थांबायचं. महाराष्ट्राचा अर्थसंकल्प साध्या बहुमताने मंजूर होतो आणि उशीर होणार असेल तर लेखानुदानाची सोय असते. 288 च्या विधानसभेत दर मार्चला 192 मतं गोळा करावी लागली असती तर काय झालं असतं, याची कल्पना वाचकांनीच करावी.

2010 मध्ये अर्थसंकल्पावर सही झाली 8 ऑक्टोबरला, म्हणजे तब्बल 100 दिवस उशिरा. त्याच नोव्हेंबरमध्ये मतदारांनी ‘प्रपोझिशन 25’ मंजूर केलं. आता अर्थसंकल्पाला साधं बहुमत पुरे, आणि 15 जूनपर्यंत तो मंजूर झाला नाही तर आमदारांचा पगार बंद. तेव्हापासून अर्थसंकल्प वेळेवर होऊ लागले.

दुसरं कुलूप मात्र तसंच राहिलं. 2011 मध्ये गव्हर्नर जेरी ब्राउन यांना करांचा प्रश्न सार्वमताला टाकण्यासाठी चार रिपब्लिकन मतं हवी होती. महिनोन्‌महिने मिनतवाऱ्या करूनही ती मिळाली नाहीत. शेवटी सह्या गोळा करून प्रस्ताव थेट मतपत्रिकेवर आणला गेला. नोव्हेंबर 2012 मध्ये तो सुमारे 55 टक्के मतांनी मंजूर झाला. हीच टक्केवारी सभागृहात पडली असती, तर प्रस्ताव नापास झाला असता.