एआयच्या डेटा सेंटरला लागणाऱ्या पाण्याची माहिती कशी मागावी: माहिती अधिकार अर्जाची प्रक्रिया

कृत्रिम बुद्धिमत्तेचा पर्यावरणावर पडणारा भार आवरण्यासाठी भारतात अद्याप स्वतंत्र कायदा नाही. युरोपीय संघाच्या २०२४ च्या एआय कायद्याने सर्वसाधारण वापराची मॉडेल बनवणाऱ्या कंपन्यांवर विजेच्या वापराची नोंद ठेवण्याचे बंधन घातले आहे. आपल्याकडे तशी तरतूद नाही. मात्र ही मॉडेल ज्या इमारतीत चालतात त्या इमारतीला जुने कायदे लागू होतात. सांडपाणी सोडणाऱ्या व डिझेल जनित्रे बसवणाऱ्या मोठ्या डेटा सेंटरला जल कायदा १९७४ आणि हवा कायदा १९८१ यांखाली महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती घ्यावी लागते, तर बांधकाम २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून अधिक असल्यास २००६ च्या अधिसूचनेनुसार पूर्व पर्यावरण मंजुरीचा प्रश्न येतो. म्हणजे कागद तयार होतात, आणि तेच नागरिकाला माहिती अधिकार कायद्याखाली मागता येतात.

मराठवाड्यात हा प्रश्न आधी पाण्याचा आहे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगभरातील डेटा सेंटरनी सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली. संगणकाला दिलेली वीज अखेर उष्णतेत बदलते. ती उष्णता काढण्यासाठी बाष्पीभवनावर चालणारे शीतकरण मनोरे असतील, तर त्यांना दिलेल्या पाण्याचा बराचसा भाग वाफ होऊन जातो आणि सांडपाण्याच्या नोंदीत दिसतच नाही. म्हणून केवळ सांडपाण्याचे आकडे मागून उपयोग नाही. ज्या विभागातील लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, आणि जिथे पैठणच्या जायकवाडीवर शेती, शहरे व औद्योगिक वसाहती एकाच वेळी अवलंबून आहेत, तिथे हा फरक लक्षात ठेवलाच पाहिजे.

अर्ज कोणी करावा? कोणताही भारतीय नागरिक अर्ज करू शकतो. तो त्या गावचा रहिवासी असण्याची अट नाही आणि माहिती कशासाठी हवी हे सांगण्याचे बंधनही नाही. कायद्यातील हक्क नागरिकाचा असल्याने ग्रामपंचायतीच्या किंवा संस्थेच्या लेटरहेडवर अर्ज करण्याऐवजी एखाद्या सदस्याने स्वतःच्या नावाने केलेला बरा.

कागदपत्रे फार लागत नाहीत. राज्याच्या माहिती अधिकार नियमांतील जोडपत्र ‘अ’ या नमुन्यातील अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प आणि दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराने शुल्कमाफीसाठी त्या दाखल्याची प्रत जोडावी. संबंधित कार्यालय राज्याच्या आरटीआय ऑनलाइन पोर्टलच्या यादीत असेल तर अर्ज तिथूनही करता येतो. समक्ष दिल्यास दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्यावी. उत्तराची मुदत तिच्यावरून मोजली जाते.

खरी काळजी मजकुरात घ्यावी लागते. राज्याच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द एवढीच मुभा आहे. ‘एवढे पाणी का दिले’ असा प्रश्न विचारल्यास तो अभिप्राय ठरवून अर्ज निकाली काढला जाण्याची शक्यता असते, म्हणून अस्तित्वात असलेल्या कागदाचे नाव घेऊन त्याची प्रत मागावी. उदाहरणार्थ: ‘मौजे अमुक, तालुका अमुक येथील अमुक कंपनीच्या डेटा सेंटरला दिलेल्या संमतीपत्राची सर्व अटींसह प्रत, तसेच मागील दोन आर्थिक वर्षांच्या पर्यावरण विवरणांच्या प्रती मिळाव्यात.’ हे विवरण, म्हणजे कार्यालयांत ज्याला ‘फॉर्म फाइव्ह’ म्हणतात ते, मंडळाची संमती लागणाऱ्या प्रत्येक आस्थापनेने मार्चअखेर संपलेल्या वर्षासाठी ३० सप्टेंबरपर्यंत मंडळाला द्यायचे असते. त्यात रोजच्या पाणीवापराचे प्रक्रिया, शीतकरण आणि घरगुती असे वेगवेगळे रकाने आहेत. आपल्याला पाहायचा आहे तो शीतकरणाचा रकाना.

हा अर्ज मंडळाच्या छत्रपती संभाजीनगर येथील प्रादेशिक कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे करावा. पाण्याच्या मंजुरीची प्रत मात्र पाणी देणाऱ्या यंत्रणेकडे, बहुधा एमआयडीसीकडे, वेगळ्या अर्जाने मागावी. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तरी तो ५ दिवसांत योग्य ठिकाणी वर्ग करणे कलम ६(३) नुसार त्या कार्यालयाचे काम आहे. प्रतींसाठी प्रतिपान २ रुपये आकारले जातात.

उत्तर ३० दिवसांत मिळाले पाहिजे. कंपनीचे म्हणणे मागवायचे ठरल्यास ही मुदत ४० दिवसांची होते. ‘खासगी कंपनीची माहिती आहे’ हे उत्तर पुष्कळदा येते. कलम २(च) नुसार दुसऱ्या कायद्याखाली शासकीय यंत्रणेला मिळवता येणारी खासगी संस्थेची माहितीही ‘माहिती’च ठरते, हे अपिलात नमूद करावे. व्यापारी गुपिताचे कारण दिले गेले तर व्यापक सार्वजनिक हिताचा अपवाद त्याच कलम ८(१)(घ) मध्ये आहे.

पहिले अपील उत्तर मिळाल्यापासून किंवा उत्तराची मुदत संपल्यापासून ३० दिवसांच्या आत, जोडपत्र ‘ब’ मध्ये, २० रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पसह त्याच यंत्रणेच्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे करावे. त्यानंतरचे दुसरे अपील ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठाकडे जाते, आणि त्यासोबत मूळ अर्ज, पोच, मिळालेले उत्तर व पहिल्या अपिलाचा निर्णय यांच्या प्रती जोडाव्या लागतात.