थंड इंजिन तापवणे (लढाऊ विमानांचे सिम्युलेटर)

लढाऊ विमानांच्या सिम्युलेटरमध्ये पिस्टन इंजिन सुरू केल्यापासून ते उड्डाणाचा भार सोसण्याइतके गरम होईपर्यंतचा वेळ शक्य तितका कमी करण्याची रीत. खेळाडू तिला नुसते ‘वॉर्म-अप’ म्हणतात. हा प्रश्न मुख्यतः दुसऱ्या महायुद्धातील विमानांचा आहे. ‘आयएल-२ स्टुर्मोविक : क्लिफ्स ऑफ डोव्हर’ (२०११) आणि ‘डीसीएस’ (डिजिटल कॉम्बॅट सिम्युलेटर) मधील पी-५१डी मस्टँग (२०१२) यांसारख्या सिममध्ये तेलाचे आणि कूलंटचे (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचे) तापमान वेगवेगळे मोजले जाते, आणि ते न पाहता थ्रॉटल पुढे ढकलणाऱ्याचे इंजिन रनवेच्या टोकाला पोहोचण्याआधीच धडधडू लागते. शत्रू धावपट्टीवर घिरट्या घालत असताना पंखा (प्रोपेलर) फिरवत उभे राहणे कोणालाच आवडत नाही. म्हणून घाई, आणि म्हणूनच युक्त्या.

थंड इंजिनात सगळ्यात मोठी अडचण तेलाची. विमानाच्या पिस्टन इंजिनाचे तेल मोटारीच्या तेलापेक्षा बरेच दाट असते. थंडीत ते काकवीसारखे सरकते आणि बेअरिंगच्या अरुंद फटींत वेळेवर पोहोचत नाही. नवखा खेळाडू नेमका इथे फसतो. सुरू केल्या केल्या तेलाच्या दाबाचा काटा झपकन वर, कधी गेजच्या टोकापर्यंत जातो आणि त्याला वाटते, सगळे उत्तम आहे. प्रत्यक्षात दाब जास्त दिसतो तो तेल वाहत नाही म्हणून. त्यातले बरेचसे जास्तीचा दाब सोडणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हमधून मागच्या मागे परत फिरते आणि बेअरिंग कोरडेच राहतात. तापमान चढू लागते तसा हा काटा हळूहळू खाली येऊन स्थिरावतो. ‘आता निघायला हरकत नाही’ ही खूण त्या उतरलेल्या काट्यात असते. शिवाय ॲल्युमिनियमचा पिस्टन आणि पोलादी सिलिंडर उष्णतेने सारखे प्रसरण पावत नाहीत, आणि थंड नळ्यांत पेट्रोलची नीट वाफ होत नाही. पण या दोन्ही गोष्टी तेलापुढे दुय्यम.

किमान तापमान किती असावे, हे ज्या त्या विमानाच्या पुस्तिकेत दिलेले असते. ब्रिटिश वैमानिकांच्या पुस्तिकांत स्पिटफायरच्या मर्लिन इंजिनासाठी क्रम असा : अर्धा मिनिट शक्य तितके सावकाश चालवा, मग १,००० ते १,२०० आरपीएमवर (मिनिटाला फेरे) ठेवा आणि तेल १५ अंश, कूलंट ४० अंश सेल्सिअस झाल्यावर पुढच्या तपासण्या करा. मस्टँग उडवणारे डीसीएस खेळाडू साधारण तेल ४०, कूलंट ६० असा हिशेब धरतात. पाणी लवकर तापते, तेल मागे रेंगाळते. पाण्याच्या काट्यावर भरवसा ठेवून निघालेला माणूस अर्धीच गोष्ट पाहून निघालेला असतो.

इंजिनात उष्णता येते ती जळलेल्या इंधनातून. अगदी मंद चालवले तर जळते थोडे आणि काटा एका जागी चिकटून बसतो, वर स्पार्क प्लग काजळतात ते वेगळेच. जोरात चालवले तर दाट तेलावर ताण येतो. मधला पट्टा म्हणून वरचे १,००० ते १,२००. या पट्ट्यात राहूनही जास्त इंधन जाळायचे तर पंख्यावर भार वाढवावा लागतो : पाती जाड पिचवर (हवा जास्त कापणाऱ्या तिरक्या कोनात) नेली की त्याच आरपीएमसाठी थ्रॉटल अधिक उघडावे लागते आणि गरमी वाढते. मेसरश्मिट १०९ मध्ये पिच दाखवणारे गेज घड्याळाच्या तबकडीसारखे असते. त्याचा काटा बाराच्या मागे सरकवला की हेच साधते. टेकऑफआधी तो पुन्हा बारावर आणायचा राहिला तर विमान धावपट्टी संपेपर्यंत नुसते धावत राहते.

सर्वांत चालणारी युक्ती मात्र रेडिएटरमधून हवा जाऊ देणारी झडप बंद करण्याची. याक-१ आणि आयएल-२ सारख्या सोव्हिएत विमानांत पाण्याची आणि तेलाची झडप वेगळी असते, त्यामुळे तेलाची आधी आणि पूर्ण बंद करून रेंगाळणारा काटा पुढे काढता येतो. मस्टँगमध्ये या झडपा एरवी आपोआप चालतात. घाईतला खेळाडू स्विच ‘ऑटोमॅटिक’वरून काढून झडप मिटवतो. कूलंट भराभर साठ ओलांडते, तो रनवेवर येतो, चाके उचलतो, चढ घेतो, डोळे आभाळात शत्रूला शोधत असतात. स्विच तसाच राहिलेला असतो. १२१ अंशांची लाल रेघ ओलांडली की पांढरी वाफ मागे सुटते आणि मग झडप उघडून फारसे काही वाचत नाही. अनुभवी मंडळी म्हणून एक सवय लावून घेतात : ब्रेक सोडण्याआधी हात त्या स्विचवर गेलाच पाहिजे.

हवेने थंड होणाऱ्या तारकाकृती इंजिनांबाबत सिम आणि वास्तव यांची फारकत होते. पी-४७ च्या आर-२८०० सारख्या इंजिनाचे काउल फ्लॅप (आवरणावरच्या हवेच्या झडपा) मिटून ते लवकर तापवण्याची युक्ती सिममध्ये बहुधा खपून जाते. खऱ्या विमानात तशी सक्त मनाई असे. जमिनीवर फ्लॅप उघडेच ठेवायचे, कारण मिटले तर सिलिंडर असमान तापतात आणि इग्निशनच्या तारांची वेष्टने भाजतात, तर गेज सांगते मोजक्या सिलिंडरचेच.

स्पिटफायरची तऱ्हा याच्या उलट. तिचे रेडिएटर पंखांखाली असल्याने जमिनीवर पंख्याचा वारा त्यांना पुरेसा लागत नाही. त्यामुळे ती तापवण्यापेक्षा तापण्यापासून वाचवण्याची धावपळ जास्त. तेल जेमतेम तयार होते तोवर कूलंट उकळायच्या बेताला येते. इथे शहाणपण एकच, टॅक्सी करता करताच तापवणे आणि रनवेच्या तोंडाशी थांबून न राहणे. थ्रॉटल फार उघडून उभे राहिले तर शेपटी उचलली जाते आणि नाक जमिनीत जाते. खऱ्या तळांवर अशा चाचणीच्या वेळी शेपटीवर माणसे बसवत. १९४५ मध्ये इंग्लंडमधील हिबाल्डस्टो तळावर मार्गारेट हॉर्टन ही हवाई दलातील कर्मचारी अशीच शेपटीवर बसलेली असताना वैमानिकाने तिच्यासह उड्डाण केले. ती सुखरूप उतरली. ते विमान, एबी९१०, आजही उडते. सिममध्ये शेपटीवर बसायला कोणी नसते.

खरे तर सिममधला हा सगळा खटाटोप त्या ‘कोणी नसते’मधूनच येतो. १९४० च्या उन्हाळ्यात ब्रिटिश तळांवर इंजिने पहाटेच तापवून ठेवलेली असत आणि ते काम फिटर, म्हणजे जमिनीवरचे मेकॅनिक, करत. वैमानिक धावत येऊन चढे तेव्हा त्याला काट्यांकडे पाहत बसावे लागत नसे. पूर्व आघाडीवरच्या हिवाळ्यात उतरल्यानंतर तेल काढून घेत आणि निघण्याआधी गरम करून परत भरत. इंजिनावर जाड आच्छादन टाकून खाली शेगडीही लावत. दुसरा उपाय तेल पातळ करण्याचा. इंजिन बंद करण्याआधी तेलात थोडे पेट्रोल सोडायचे, म्हणजे सकाळी ते पातळ राहते आणि इंजिन तापले की पेट्रोल उडून जाते. मस्टँगच्या कॉकपिटमध्ये यासाठी वेगळा स्विचच आहे. म्हणजे लवकर निघण्याची तयारी आदल्या संध्याकाळी सुरू होई. सिममधल्या विमानाला आदली संध्याकाळ नसते, ते गोठलेल्या अवस्थेतच अवतरते, आणि फिटर व वैमानिक दोघेही खेळाडूच. या हिशेबाने ‘इंजिन आधीच तापलेले’ हा पर्याय, जो आयएल-२ च्या नव्या मालिकेत मिशनच्या सेटिंगमध्ये असतो, तो सोपेपणाच्या यादीत टाकणे थोडे अन्यायाचेच वाटते. तातडीच्या उड्डाणासाठी इतिहासाला धरून तोच आहे.

जेट विमानांत तेल तापण्याची वाट पाहावी लागत नाही, पण वाट पाहणे चुकत नाही. डीसीएसमधील एफ-१६ ची दिशादर्शक यंत्रणा जुळायला सुमारे ८ मिनिटे लागतात. आधी साठवलेली दिशा वापरली तर दीड मिनिटात भागते.

दुसऱ्या फेरीला बहुतेक कटकट उरत नाही. उतरून इंधन-दारूगोळा भरेपर्यंत तेल गरमच असते. तिथे घाईचा तोटा निराळ्या वाटेने होतो : हात सवयीने प्रायमरचे (सुरू करण्याआधी इंजिनात पेट्रोल सोडणाऱ्या पंपाचे) थंड इंजिनाइतकेच झटके देतो, गरम सिलिंडरांत पेट्रोल साचते, एक्झॉस्टमधून ज्वाळा येतात आणि पंखा दोन-तीन आचके देऊन थांबतो. मग थ्रॉटल पूर्ण उघडे ठेवून, इंधन बंद करून, ते पेट्रोल बाहेर पडेपर्यंत स्टार्टर फिरवत बसावे लागते.